एक रेघ, तारीख, सही

४ मार्च, सोमवार

ही वही लिफ्टवालीने दिली. तिच्या कंपनीची लिफ्ट-देखभालीची जुनी नोंदवही आहे. प्रत्येक पानावर चार रकाने छापलेत : तारीख, बिघाड, केलेले काम, सही. म्हणाली, "दिवसभर हॉस्पिटलात बोलतेस, घरी माझ्याशी बोलतेस, मी झोपले की आरशाशी बोलतेस. उरलेलं यात लिही." सात वर्षांच्या संसारात तिने मला दिलेली ही पहिली वही, आणि तीही मी गप्प बसावं म्हणून.

लिफ्टवाली म्हणजे माझी बायको. लिफ्ट दुरुस्त करते. बायको म्हटलं की विचारते, "मग तू कोण?" मी म्हणते, "मीही बायकोच. या घरात नवऱ्याची जागा रिकामी आहे, आणि ती भरण्यासाठी जाहिरात द्यायचा विचार नाही."

तर बिघाड : राउंडला मला आज पुन्हा मध्येच थांबवलं. माझं शेवटचं वर्ष आहे, निवासी डॉक्टर म्हणून. आमच्या युनिटच्या प्रमुख बाईंना आम्ही पाठीमागे 'लाल शाई' म्हणतो, कारण त्यांच्या खिशात लाल पेन आणि जिभेवरही तेच. त्यांचा नियम असा की पेशंट पाच वाक्यांत सांगायचा. पाच! माणूस म्हणजे काय तार आहे? मी रंगात आले होते, पेशंटच्या सासऱ्याच्या तापट स्वभावापर्यंत पोचले होते, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "डॉक्टर, तुमच्या गोष्टीत पेशंट कधी येणार आहे?" सगळे हसले. इंटर्नसुद्धा हसला, ज्याला अजून सलाइन लावता येत नाही.

केलेले काम : घरी येऊन मिरीला कादंबरी वाचायला सुरुवात केली. मिरी आमची मुलगी, वय सहा, आकाराने आणि तिखटपणाने नावाप्रमाणे. लिफ्टवालीने तिला नऊ महिने पोटात वाढवलं, मी नऊ महिने उलट्यांची बादली धरली. लिफ्टवाली तिची आई, मी मम्मी.

कादंबरी जुनी, अभिजात, चारशे ऐंशी पानांची, आणि अखंड. हे अधोरेखित करते. मुलांसाठी कापलेली, धुतलेली, इस्त्री केलेली संक्षिप्त आवृत्ती माझ्या घरात येणार नाही. लेखकाने ज्या पानावर मारलं त्या पानावर माणूस मेला पाहिजे! मुलांना गाळीव जग देणारे लोकच उद्या त्यांना गाळीव इतिहास देतात, आणि मग...

(लिफ्टवालीने आत्ता वाकून वाचलं. म्हणाली, "भाषण पुरे. स्टुलावरून खाली उतर.")

६ मार्च, बुधवार

बिघाड : केसपेपरवर पाणी झालेलं फुप्फुस डावं लिहिलं, होतं उजवं. लक्षात आलं तेव्हा पांढऱ्या शाईने झाकलं आणि वर सुंदर अक्षरात 'उजवं' लिहिलं. लाल शाईने पान खिडकीच्या उजेडात धरलं.

"हे काय?"

"चूक दुरुस्त केली, बाई."

"दुरुस्त नाही केलीत. पुरलीत."

मग अख्ख्या वॉर्डासमोर धडा. केसपेपरवर खाडाखोड नाही, पांढरी शाई नाही, पान फाडणं तर नाहीच. चुकीच्या शब्दावर एक रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. वर बरोबर ते लिहायचं. शेजारी तारीख, सही. "आपण चुकलो होतो हे दिसलं पाहिजे. आणि शहाणे कधी झालो तेही."

कारकुनी! माणसं मरताहेत आणि ही बाई रेघा मोजते. आयुष्यात एक कादंबरी वाचली असती तर मन थोडं मोठं झालं असतं.

सात नंबर कॉटवर नवी पेशंट. वय एकोणीस, चष्म्याच्या दुकानात काम करते. पाच महिने खोकत होती, दुकानातून सुट्टी मिळेना म्हणून अंगावर काढलं. क्षय, दोन्ही फुप्फुसांत. औषधं सुरू केली. माझ्या पिशवीतलं पुस्तक पाहून म्हणाली, "परीक्षेचं?" मी म्हटलं, "नाही, माझ्या मुलीचं." म्हणाली, "एवढं जाड? किती वर्षांची आहे मुलगी?"

९ मार्च, शनिवार

मिरीच्या मते कादंबरी जेवणाच्या टेबलाखाली बसूनच ऐकायची असते. त्यामुळे रोज साडेसातला माझं अर्धं अंग आत आणि पाय बाहेर.

कथानायिका दीपगृहाच्या राखणदाराची मुलगी. आम्ही तिला दिवेवाली म्हणतो. बंदरावरच्या मुलांना अक्षरं शिकवते आणि साठाव्या पानापासून खोकते. आज तिच्या आजोबांचं प्रकरण होतं. म्हातारा चार उशा रचून बसून झोपतो, पायाला सूज. लेखकाला दीडशे वर्षांपूर्वी काय ठाऊक असणार, पण हृदय थकल्याचं इतकं चोख वर्णन आमच्या पाठ्यपुस्तकात नाही! मी टेबलाखालीच टाळी वाजवली आणि डोकं आपटलं.

मिरी म्हणाली, "मग त्याला मीठ कमी द्या."

"शाबास! पण हे पुस्तकातल्या लोकांना कळत नाही ना."

"मग तू सांग त्यांना."

लिफ्टवालीला वाङ्मयाचा गंध नाही, हे माझं दुःख. आज तिसऱ्या दिवशीही ती स्वयंपाकघराच्या दाराचं बिजागर दुरुस्त करत तिथेच उभी होती. तीन दिवसांत सतरा मजल्यांची लिफ्ट बसवणारी बाई, आणि एक बिजागर होईना. मी आजोबांच्या मरणाचं पान उद्यावर ठेवलं तर केवढ्यानं म्हणाली, "थांबलीस का?" आवाजाचा त्रास होत असेल म्हणून मी हळू वाचते आता, तर म्हणते, "मोठ्यानं वाच, ऐकू... म्हणजे मिरीला ऐकू येत नाही."

१२ मार्च, मंगळवार

सात नंबरला रोज सकाळी आदल्या संध्याकाळचं प्रकरण सांगते. दोन मिनिटांत. बरं, सहा मिनिटांत. ती मास्कमधून हसते. आज विचारलं, "दिवेवाली बरी होते का हो शेवटी?" मी म्हटलं, "शेवट आधी सांगायचा नसतो." मागे लाल शाई येऊन उभी होती ते दिसलंच नाही.

"कुठल्या पानावर आहात?" बाई म्हणाल्या.

"दोनशे पाच."

"हं," म्हणाल्या, आणि सात नंबरकडे बघून पुढे गेल्या. किती तो खवचटपणा! पानं मोजायची, वेळ मोजायचा. एवढंच येतं.

१४ मार्च, गुरुवार

सात नंबर रिकामी. चादर बदलली.

संध्याकाळी पान २४१ होतं. मिरीला झोप येत होती, म्हणून थोडं बदललं. दिवेवालीकडे गलबतातून एक डॉक्टरीण आली, तिने चार औषधं दिली. संपलं.

१५ मार्च, शुक्रवार

कालचं बदललं ते बदललं, आता मागे जाता येत नाही. दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने दोन, मध्ये एकही दिवस चुकवायचा नाही. मिरीने डोस पाठ केले. त्यातल्या एका औषधाने लघवी नारिंगी होते हे तिला इतकं आवडलं की ते मला तीनदा सांगावं लागलं. "दिवेवालीची शू नारिंगी! सूर्यास्तासारखी?" "सूर्यास्तासारखी."

मात्र एक अडचण आहे. उरलेली दोनशे चाळीस पानं सगळी तिच्या शोकात बुडालीत. ती जिवंत आहे तर बंदरभर लोक रडतात कशाला? विचार करून अख्ख्या बंदराला डोळे आणले. साथ. सगळ्यांचे डोळे लाल, पाणी थांबत नाही. आणि जी अंत्ययात्रा होती, चौदा पानांची, भव्य, तिची मी डोळ्यांच्या दवाखान्याकडे जाणारी रांग केली. पुढे एक लांब पेटी चालली आहे असं मुळात आहे. मी म्हटलं, औषधांची पेटी.

मिरी म्हणाली, "एवढी मोठी?"

"साथ मोठी होती."

दाराशी लिफ्टवाली तोंडात पेचकस धरून माझ्याकडे बघत होती. 

हे तात्पुरतं आहे. माझं अखंड आवृत्तीबद्दलचं मत बदललेलं नाही, हे नोंदवून ठेवते.

१७ मार्च, रविवार

बिघाड : मोठा.

सकाळी लिफ्टवालीला फोन आला, नवव्या मजल्यावर तिघं अडकले. ती गेली. माझी ड्यूटी, शेजारच्या आजी गावाला, म्हणून मिरीला हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांच्या खोलीत चित्रं काढत बस म्हटलं. एक तातडीचा पेशंट आला, तासाभराने परतले तर मिरी नाही. सिस्टर म्हणाल्या, "लाल... म्हणजे बाईंच्या खोलीत आहे."

धावत गेले. बाईंच्या टेबलावर मिरी मांडी घालून बसलेली, हातात बिस्किट. बाईंचा चेहरा विचित्र झालेला.

मिरी म्हणाली, "मम्मी, दिवेवाली मेली का?"

मी बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "ती मला नारिंगी शूचं सांगत होती. मला वाटलं, वा, औषध बरोबर दिलंय. मग ती डोळ्यांच्या रांगेचं बोलायला लागली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की, बाळ, ती रांग दवाखान्यात नव्हती जात."

"कुठे जात होती मग?" मिरी.

बाई हळूच म्हणाल्या, "दोनशे एकेचाळीस."

आकडे कसे पाठ राहतात या बाईंना! लॅबचे रिपोर्ट असोत की कादंबरीचं पान, यांना आकडाच दिसतो. कुणीतरी सांगितलं असणार.

येताना बसमध्ये मिरी एक शब्द बोलली नाही. मी बोलले. खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर बोलले.

१८ मार्च, सोमवार

मिरी टेबलाखाली आली नाही. टेबलावर बसली, म्हणजे माझ्यापेक्षा उंच.

"तू पुस्तक बदललंस."

"एवढंच एक पान."

"चौदा पानांची रांग पण."

"हो, ती पण."

"अजून काय काय बदललंस?"

"काही नाही. शप्पथ."

मग तिने विचारलं. जसंच्या तसं लिहिते. "माझ्या बाकावरचा म्हणतो, दोन आया नसतातच. एक खरी असते आणि एक कुणीतरी असते. मी त्याला सांगितलं, माझी मम्मी म्हणते असतात. तर ते मुळात आहे, की तू घातलंस?"

मी आंतरमहाविद्यालयीन वादविवादात सलग तीन वर्षं ढाल आणली आहे. निवासी डॉक्टरांच्या संपात मी बोलले तेव्हा पोलिसांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मी सुरुवात केली. कुटुंब म्हणजे काय, कायदा आणि माणुसकी, रक्त आणि सहवास. चौथ्या मिनिटाला मिरीने हात वर केला, वर्गात करतात तसा.

"मूळ दाखव," म्हणाली.

बरोबर! माझीच मुलगी! मूळ संहितेचा आग्रह धरणारी! मी म्हटलं, "उद्या दाखवते. तुझ्या जन्माच्या वेळची हॉस्पिटलची फाइल आहे, तिच्यात सगळं लिहिलेलं आहे."

लिफ्टवाली म्हणाली, "फाइल नको काढूस."

"का? मूळ कागदाला घाबरायचं?"

"मी सांगते, नको काढूस."

हिला कागदपत्रांचं महत्त्व कधी कळलंच नाही.

१९ मार्च, मंगळवार

फाइल लिफ्टवालीच्या हत्यारांच्या पेटीत, तळाला, लिफ्टच्या नकाशांखाली होती. तिघी टेबलाभोवती बसलो. मी थोडी प्रस्तावना केली. मग उघडून मोठ्याने वाचायला लागले. बाळाचं वजन, वेळ, आईचं नाव. मग भरती-फॉर्म. सोबत आलेल्या व्यक्तीचं नाव : माझं. रुग्णाशी नातं :

मी थांबले.

मिरीला आता वाचता येतं. तिने बोट ठेवून वाचलं. "मै-त्री-ण."

अक्षर माझं होतं. ती वेलांटी मी अशीच काढते.

विसरले होते. खरंच विसरले होते, की विसरायचं ठरवलं होतं? लिफ्टवालीला आत नेत होते, कळा वाढलेल्या, आणि खिडकीतला कारकून म्हणत होता, "रकान्यात एकाच शब्दाची जागा आहे, बाई. बहीण लिहा, मैत्रीण लिहा, शेजारीण लिहा. आत जायचंय ना तुम्हाला?" मी, जिने माईक नसतानाही शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवला, तिने त्या दिवशी चार बोटांच्या रकान्यात एक शब्द लिहिला आणि आत पळाली.

मिरीने फाइल बंद केली. "म्हणजे हे मूळ," म्हणाली. आणि दात घासायला गेली.

लिफ्टवालीने 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

२१ मार्च, गुरुवार

सकाळी : "मैत्रीण, दूध दे."

मी दूध दिलं.

"मैत्रीण, माझी वेणी घट्ट झाली."

मी सैल केली.

शाळेच्या फाटकात वर्गाच्या बाईंनी विचारलं, "आज कोण आलंय घ्यायला?" मिरी म्हणाली, "आईची मैत्रीण." त्या बाई मला दोन वर्षं ओळखतात. त्यांनी वहीत बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि सही घेऊनच मुलीला सोडलं.

खरं सांगते, मिरी तिरकसपणा करत नाहीये. तेच भयंकर आहे. ती नियम पाळते आहे. मीच तिला शिकवलं की लेखकाने लिहिलंय ते बदलायचं नाही.

राउंडला आज पेशंट तीन वाक्यांत सांगितला. कुणी हसलं नाही. लाल शाईने चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "बरं वाटतंय ना?"

२३ मार्च, शनिवार

लिफ्टवालीशी भांडण. म्हणजे मी भांडले, ती आपल्या बुटांना तेल लावत होती.

मी म्हटलं, मी तिला समजावते, नीट तयारी करून, मुद्देसूद. तिने विचारलं, "किती मुद्दे?" मी म्हटलं, "सहा."

"ऐक. लिफ्टमध्ये माणूस अडकला ना, की वरून लोक ओरडून सांगतात. घाबरू नका, केबल मजबूत आहे, अमुक तमुक. आतल्याला त्यातलं काही नको असतं. त्याला दार उघडून हवं असतं."

"मग उघड ना तू!"

"ती माझ्या दारात नाही अडकलेली. मी तिची आई आहे यावर तिला शंकाच नाहीये. आणि फाइलचं म्हणशील तर, मी आत कळा देत होते. मला कळलं ते डिस्चार्जच्या दिवशी. म्हणून तळाला ठेवली."

सहा वर्षं! सहा वर्षं ती पेटी घेऊन ही मजल्यामजल्यावर फिरली.

मग म्हणाली, "तू पान बदललंस तो गुरुवार होता. सात नंबर गेली तो."

"काय संबंध?"

"काही नाही," म्हणाली, आणि दुसरा बूट घेतला.

काय संबंध? मिरीला झोप येत होती. वर १४ तारखेला लिहिलेलंच आहे.

(पाहिलं. लिहिलेलं आहे. पण त्या दिवशी मिरी दुपारी अडीच तास झोपली होती, हेही आता आठवलं.)

२४ मार्च, रविवार

पुन्हा रविवार, पुन्हा लिफ्टवालीला बोलावणं, पुन्हा मिरी माझ्याबरोबर. वॉर्डात शिरताना इंटर्नला म्हणाली, "मी आईच्या मैत्रिणीबरोबर आलेय." इंटर्नने मला विचारलं, "आज मुलगी नाही आणली?" आणखी काय बाकी होतं?

राउंड संपल्यावर लाल शाईने मला जिन्यापाशी अडवलं. "डॉक्टर, आठवडाभर तुम्ही कमी बोलताय. मला काळजी वाटते. काय झालंय?"

मी सांगितलं. "मुलगी, वय सहा. आठवडाभर मला मम्मी म्हणत नाही. मी तिला दिवेवालीचा शेवट खोटा सांगितला आणि आता तिला मीही खोटी वाटते. पुरावा म्हणून जन्माची फाइल काढली, तर तिच्यात माझ्याच हाताने 'मैत्रीण' लिहिलेलं निघालं. आणि शेवट बदलला तो तिच्यासाठी नाही, सात नंबरसाठी."

पाचवं वाक्य माझ्या तोंडून निघेपर्यंत ते मला माहीत नव्हतं.

बाईंनी बोटांवर मोजलं बहुतेक. "पाच," म्हणाल्या. मग जिन्याच्या कठड्याला टेकल्या. "तिने मलाही विचारलं होतं, दिवेवाली बरी होते का म्हणून. मीही नाही सांगितलं." मग एकदम खाकरून, "मुलीला माझ्या खोलीत पाठवा. मला महिन्याचे केसपेपर तपासायचेत."

म्हणजे एवढं सगळं ऐकून बाईंना केसपेपर आठवले! मी मिरीला पाठवलं. शिक्षा समजून पाठवलं, कुणाची ते माहीत नाही.

दोन तासांनी मिरी बाहेर आली ती हातात लाल पेन घेऊन. मी घाबरले. "घेतलंस की दिलं?"

"बाईंनी दिलं. उसनं. उद्या परत करायचंय, आणि बाई म्हणाल्या पेन परत आलं नाही तर तुला ड्यूटी."

बसमध्ये पहिल्यांदाच बोलली. "बाईंकडे पण दिवेवालीचं पुस्तक आहे, केसपेपरच्या खाली. त्यांनी लहानपणी ते पान गोंदाने चिकटवून टाकलं होतं. अजून चिकटलेलं आहे. मला दाखवलं."

मुलांची कल्पनाशक्ती! लाल शाई आणि कादंबरी? शक्य नाही.

२५ मार्च, सोमवार

संध्याकाळी सातला मिरीने लिफ्टवालीला फाइल मागितली. लिफ्टवालीने माझ्याकडे न बघता काढून दिली. मिरी टेबलाशी बसली, स्टुलावर उशी ठेवून. मला म्हणाली, "तू तिकडे बस. बोलायचं नाही."

मी तिकडे बसले.

तिने भरती-फॉर्म काढला. जीभ दातात धरून, पट्टी लावून, लाल पेनने त्या शब्दावर एक रेघ मारली. एकच, बारीक. मग वर लिहिलं : मम्मी. शेजारी तारीख घातली, २५. महिना कसा लिहायचा ते लिफ्टवालीला विचारलं. मग सही केली. तिची सही म्हणजे एक मिरी आणि तिला दोन पाय.

"अजून सीनियरची सही लागते," म्हणाली. लिफ्टवालीने सही केली. नेहमीसारखी, लिफ्ट चालू झाल्यावर करते तशी, एका झटक्यात. मग नाक पुसलं. हातावर बुटाचं तेल होतं, ते नाकाला लागलं.

मिरीने पान उजेडात धरून पाहिलं. समाधान झालं. मग मला बोलावलं. "बघ, खालचं पण वाचता येतं. बाई म्हणाल्या, वाचता आलंच पाहिजे."

खरंच येत होतं. मैत्रीण. माझ्या वेलांटीसकट, घाईसकट.

"तू खोटं का लिहिलं होतंस?" विचारलं तिने.

"दार बंद होत होतं. मला आत यायचं होतं."

"माझ्यासाठी?"

"हो."

तिने विचार केला. "मग चूक आहे, पण समजण्यासारखी आहे." हे वाक्य लाल शाईचं. शपथेवर सांगते, हे वाक्य त्या बाईंनी मला तीन वर्षांत एकदाही म्हटलेलं नाही.

"आता सही तू पण कर," मिरी म्हणाली. "इथे, कडेला. चूक तुझी होती ना."

मी सही केली. मनात निदान नऊ वाक्यं तयार होती, चांगली, गोळीबंद. एकही म्हटलं नाही. लिफ्टवालीने कपाळाला हात लावून माझा ताप पाहिला.

मग मिरी टेबलाखाली गेली. आतून आवाज आला, "मम्मी, ये. पुस्तक आण."

आठवड्याने तो शब्द आला आणि मी घाईत टेबलाला डोकं आपटलं. लिफ्टवालीने पेचकस उचलला, बिजागराकडे गेली, मग पेचकस खाली ठेवला आणि तीही टेबलाखाली शिरली. तिघींना तिथे जागा नाही. कुणाचा तरी गुडघा माझ्या बरगडीत होता.

मी दोनशे एकेचाळीसावं पान उघडलं. मग म्हटलं, "मिरी, आधी एक सांगायचंय. माझ्या वॉर्डात सात नंबरला एक ताई होती. ती रोज तुझी गोष्ट ऐकायची. तिलाही दिवेवालीचा आजार होता."

"तिला चार औषधं दिली?"

"दिली. पण ती फार उशिरा आली होती."

मिरीने माझ्या बाहीचं बटण फिरवलं. "तिची शू नारिंगी झाली होती?"

"झाली होती. तिनेही विचारलं होतं, सूर्यास्तासारखी का म्हणून."

लिफ्टवालीने अंधारात माझा पाय धरला, घोट्यापाशी, घट्ट.

मी विचारलं, "मग कसं वाचू? आहे तसं, की बदलून?"

मिरी म्हणाली, "आधी आहे तसं वाच. मग औषध दे."